जोडीतला एक डोळा

त्यानं पहिल्याच भेटीत माझ्या तोंडात अंगठा घातला होता. आखाडा बाळापूरचा बैलबाजार भरलेला होता आणि मी एका गिऱ्हाइकाला पटवून देत होतो की मी पंचवीस वर्षांचा आहे, पाच वर्षांपासून या धंद्यात आहे, माझ्या शब्दावर बैल घेऊन जा. खरं म्हणजे मी वीसचा होतो आणि तो माझा चौथा बाजार होता. वीस वर्षांच्या पोराच्या शब्दावर कुणी बैल घेत नाही, म्हणून पाच वर्षं वर लावली होती. तेवढ्यात मागून एक माणूस आला. वासराचा धरावा तसा त्यानं माझा जबडा धरला आणि खालच्या हिरडीवरून पार मागेपर्यंत अंगठा फिरवला. मग गिऱ्हाइकाला म्हणाला, "ह्याची अक्कलदाढ अजून हिरडीतच हाय. वीस, लई झालं तर एकवीस. बैलाचं मला इचारा."

भोवतीचे लोक हसले. गिऱ्हाईक गेलं. मी त्याच्या अंगावर धावून गेलो तेव्हा दोघांनी मला मागून धरलं, आणि तो मात्र शांतपणे रुमालाला अंगठा पुसत उभा होता. तेव्हा तो मला म्हातारा वाटला. आज विचार करतो तर तेव्हा तो जेमतेम माझ्या आजच्या वयाचा असेल.

बाजार त्याला नाईक म्हणायचा. तो कुणाचा नायक नव्हता. त्याच्या तांड्याचा नायक वेगळाच होता आणि त्या दोघांचं पटतही नव्हतं. त्याच्या पणज्याच्या काळी तांड्यातले लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. आता तांड्यावर शेती होती, सोयाबीन होतं, हळद होती. नाईकाकडे मात्र त्या जुन्या कामातली एक गोष्ट शिल्लक राहिली होती. तो वय सांगायचा.

बैलाला पुढचे दात खालीच असतात. आधी दुधाचे, मग दोन मोठे येतात, मग चार, मग सहा, मग आठ. आठ झाले की बैल जुळला म्हणतात. तिथपर्यंत कुणीही शेंबडं पोरगं वय सांगेल. खरी अडचण त्याच्या पुढं असते. पुढं दात वाढत नाहीत, झिजतात. त्या झिजेवरून सात वर्षांचा कोणता आणि अकराचा कोणता हे सांगणारी माणसं आमच्या जिल्ह्यात दोन-चारच होती आणि त्यांत नाईक पहिला. घेणारा आणि विकणारा दोघंही त्याला बोलवायचे. मोबदला म्हणून सौदा झाल्यावर एक कप चहा, बस. पण सौद्यात कुणी खोटं बोललं असेल तर तो चहा पीत नसे. कप नुसता पुढं सरकवून द्यायचा. तो कप सरकला की सगळ्या बाजाराला कळायचं.

माणसांनाही तो सोडत नसे. कुणी हसलं की दात बघायचा. बसमध्ये शेजारी बसलेल्या मास्तरांना, "तुमी रिटायर व्हायला तीन साल हायत न्हाई का?" असं विचारायचा आणि मास्तर खिडकीबाहेर बघत बसायचे. त्याचं स्वतःचं वय विचारलं की म्हणायचा, आधार कार्डावर एक जानेवारी लिहिलंय, सरकारनं माझं तोंड न उघडताच लिहिलं, मग खरं कसं असेल?

दुसऱ्यांदा त्यानं मला बुडवलं ते माझ्या बैलावरून. मी एक थकलेला पांढरा बैल घेतला होता. त्याच्या दातांना कानस मारून धार आणली, शिंगं साळली, तेल लावलं, चार दिवस पेंड खाऊ घातली. बैल असा दिसायला लागला की मीच विसरलो तो किती वर्षांचा आहे. पुसदकडचं गिऱ्हाईक आलं, खूश झालं, आणि शेवटी म्हणालं, नाईकाला दाखवू. मी म्हटलं दाखवा. मला वाटलं, माझं काम इतकं सफाईचं आहे की तोही फसेल.

त्यानं डोळे मिटून अंगठा फिरवला. एकदाच. "कानस मारलेली हाय," म्हणाला.

त्यानंतर दीड वर्ष बाळापूरच्या बाजारात माझा बैल कुणी विकत घेतला नाही. मी त्याला गाठून विचारलं होतं, तुझं काय जात होतं? तो म्हणाला, "माझं न्हाई, बैलाचं जात होतं. जवान समजून जुंपला की तो मधीच बसतो. मग मार खातो. वय खोटं सांगितलं तरी मार खराच बसतो, लेका."

मी बैल सोडले. वारंगा फाट्यावर, महामार्गाला लागून, एक मोकळी जागा भाड्यानं घेतली आणि जुने ट्रॅक्टर घ्यायला-विकायला लागलो. मला कुणी हात दिला नाही. बापाचं काही नव्हतं. ट्रॅक्टर घेताना मी समोरच्याला रडवलं आहे आणि विकताना हसवत पाठवलं आहे, आणि आज फाट्यावर मला सेठ म्हणतात ते माझ्या तोंडाच्या जोरावर. त्या धंद्यानं मला एक गोष्ट शिकवली: जुनं हे जुनं राहत नाही. इंजिन उघडा, लायनर-पिस्टन नवे टाका, क्लच प्लेट बदला, रंग मारा. मेलेला ट्रॅक्टर नांगर ओढतो. मी हे शंभरदा डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळे पुढं जे झालं त्यात माझी अक्कल गहाण पडली असं कुणी म्हणू नये. माझा त्या गोष्टीवर विश्वास बसायला माझ्याकडे कारण होतं.

नाईक दर शुक्रवारी फाट्यावर यायचा आणि माझ्या आवारात येऊन बसायचा. का यायचा, मला माहीत नाही. मी त्याला खुर्ची का द्यायचो, तेही माहीत नाही. बैलबाजार तोवर रोडावला होता, त्याला काम उरलं नव्हतं, म्हणून तो ट्रॅक्टरांची वयं सांगायला लागला. एकदा मी गिऱ्हाइकाला मीटर दाखवत होतो. मीटरवर तीन हजार तास होते. ते तसे कसे झाले ते मला माहीत होतं. नाईक खुर्चीतून उठला, वाकून ब्रेकचं पायडल बघितलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "मीटर तीन हजार म्हणून राहिलं, पायडल म्हणतं नऊ. रबर बघा, पायानं चाटून टाकलंय."

मी हातातला पाना फेकला. त्याला लागावा म्हणूनच फेकला होता, पण तो पत्र्यावर आदळला. चालता हो, परत तोंड दाखवू नको, असं सगळ्या फाट्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडलो. पुढच्या शुक्रवारी तो आला. खुर्ची कुठं आहे म्हणून विचारलं.

आणखी एक सांगितलं पाहिजे, कारण सगळं त्यावरच अडलं. बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. नाईकाचा रुमाल मोठा होता, पांढरा, लाल चौकडीचा. त्या रुमालाखाली बोटं दाबली गेली की सौदा मोडायचा नाही, हा त्याचा कायदा. एकदा त्यानं स्वतःचा बैल असा विकला आणि दुपारी दुसऱ्यानं दीडपट भाव सांगितला. त्याच्या मुलानं बाजारात सगळ्यांदेखत हात जोडले. नाईक म्हणाला, बोटं दाबली गेली. विषय संपला. मुलगा त्याच वर्षी पुण्याच्या बाजूला कंपनीत कामाला गेला, तो फारसा परत आला नाही.

आणि त्या रुमालाखाली कधी कधी तो बोटं न दाबता तळहात उघडा ठेवायचा. त्याचा अर्थ, माझं काही म्हणणं नाही, तू सांग. त्या उघड्या हाताची भीती वाटायची. समोरचा गडबडून खरा भाव सांगून टाकायचा.

त्याच्या डोळ्यांचं माझ्याच पहिल्यांदा लक्षात आलं. तो माझ्याकडे बघताना मान तिरपी करायला लागला होता, जसं काही माझ्या कानाशी बोलतोय. विचारलं तर म्हणाला, समोरचं मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. "माणूस दिसतो, तोंड दिसत न्हाई. मंग दात कुठून दिसायचे?"

त्याला नांदेडला घेऊन गेलो. सुट्या भागांचं काम आहे, सोबत चला, असं खोटं सांगून. डोळ्यांच्या डॉक्टर बाई तरुण होत्या, पण घाई न करता बोलल्या. डोळ्याच्या आत पडदा असतो, त्याचा मधला भाग वयानं झिजला आहे, दोन्हीकडे. झिजलेल्या पेशी परत येत नाहीत. मी विचारलं, नव्या टाकता येत नाहीत का? मोबाइलवर मी बघितलं होतं ना, मूलपेशी म्हणून काही असतं, अंगातल्या अशा पेशी की ज्यांच्यापासून दुसऱ्या बनतात. बाई म्हणाल्या, ते खोटं नाही. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून पडद्याचा थर तयार करतात, काही रुग्णांत तो घालून बघत आहेत, कुठं कुठं आशा दिसते आहे. पण अजून बघणंच चाललं आहे. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि ती मी ऐकून सोडून दिली. त्या म्हणाल्या, "जिथं खरोखर चाचणी चालू असते तिथं रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, आणि दोन्ही डोळ्यांना एकदम हात लावत नाहीत. एवढं लक्षात ठेवा." तोवर भिंग वापरा, दर तीन महिन्यांनी दाखवा, थांबा.

थांबा हा शब्द मला सहन होत नाही. माझ्या धंद्यात थांबा म्हणणाऱ्याकडे माल नसतो.

मी माल असलेला माणूस शोधला. एका मोठ्या शहरात एक सेंटर होतं, काचेचा दरवाजा, आत थंडगार, भिंतीवर हसणाऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. पोटाची थोडी चरबी काढायची, तिच्यातल्या मूलपेशी वेगळ्या करायच्या, त्याच दिवशी डोळ्यात सोडायच्या. आपल्याच अंगातला माल, आपल्याच अंगात. माझ्या डोक्यात लायनर-पिस्टन फिरत होते. नाईकाला मी गाडीत घालून नेलं. तिथं पोचल्यावर तो डॉक्टरला एकच गोष्ट म्हणाला.

"मागच्या बाजारातला बैल दाखवा."

डॉक्टरला कळेना. मी समजावून सांगितलं की बाजारात नव्या दलालाकडून बैल घेताना, त्यानं मागच्या बाजारात विकलेला बैल आज कसा चालतो ते बघतात. नाईकाला असा माणूस पाहिजे होता ज्याचा डोळा इथं वर्षभरापूर्वी केला. डॉक्टरनं टॅबवर एक बाई दाखवली, ती वर्तमानपत्र वाचत होती. नाईक म्हणाला, टॅबवर ही मला कडेनंही धड दिसून नाही राहिली, हिला इथं बोलवा. डॉक्टर म्हणाला, रुग्णांची माहिती गुप्त असते.

नाईक उठला. जवळजवळ तीस वर्षं हा माणूस माझ्या प्रत्येक सौद्यात असाच उठला होता. आणि या वेळी सौदा त्याच्यासाठी होता, माझ्यासाठी नव्हता. मी त्याला ओढून मॅनेजरच्या खोलीत नेलं. मॅनेजर एका डोळ्याचा भाव सांगत होता आणि दुसऱ्याचा तेवढाच वेगळा. मला हसू आलं. म्हटलं, साहेब, आमच्याकडे जोड घेतली की एकट्या बैलाच्या दुपटीनं कुणी देत नाही. दोन्ही एकाच दिवशी, एकाच बैठकीत, चरबीही एकदाच काढायची, मग दुप्पट कशाची? तो म्हणाला, असं कुणी मागितलं नव्हतं. मी म्हटलं, मी मागतो आहे. तासभर घासाघीस केली. शेवटी मला चेव आला, नाईकाच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, मॅनेजरच्या हातावर टाकला आणि खाली त्याची बोटं दाबली. गंमत म्हणून. तो शहरातला माणूस, हसत होता, त्यानंही माझी बोटं दाबली. जोड पटली, आणि फार स्वस्तात पटली. इतका खूश मी कितीतरी वर्षांत झालो नव्हतो.

मागं वळलो तर नाईक मान तिरपी करून रुमालाकडे बघत होता.

"माझा रुमाल काहून घेतला?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, गंमत केली. तो म्हणाला, रुमालाखाली गंमत नसते. मला वाटलं आता उठेल. तो उठला नाही. म्हणाला, "सौदा तुझा, रुमाल माझा. मोडता येत न्हाई. पण जोड एकदम देणार न्हाई. नवा बैल जुन्याबराबर जुंपतात, दोन नवे एका जुवाखाली न्हाई घालत. एक घे. तो चालला, तर दुसरा."

मी भडकलो. मॅनेजर म्हणाला, एका डोळ्याला जोडीची सवलत बसत नाही. म्हणजे मी तासभर घासून मिळवलेलं सगळं या माणसानं एका वाक्यात घालवलं. मी तिथं, त्या थंड खोलीत, त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. तो ऐकून घेत राहिला आणि डाव्या डोळ्यावर बोट ठेवून म्हणाला, हा.

कागद इंग्रजीत होते. त्यानं अंगठा दिला, मी सही केली. रुग्णाशी नातं, असा एक रकाना होता. मी मुलगा लिहिलं. काय लिहिलंस, त्यानं विचारलं. सांगितलं तर हसला. "आधी वय खोटं, आता नातंबी खोटं."

डाव्या डोळ्यात त्यांनी सुईनं पेशी सोडल्या, आणि चौथ्या दिवशी तो दुखायला लागला. सहाव्या दिवशी त्यानं मला फोन करून विचारलं, खिडकीवर पडदा ओढल्यासारखं दिसतं, हे बराबर आहे का? मी त्याला सेंटरला फोन लावून दिला. त्यांनी सांगितलं, पेशी काम करून राहिल्या आहेत, घाबरू नका. दोन दिवस आम्ही घाबरलो नाही. मग मी त्याला नांदेडला नेलं. त्या डॉक्टर बाईंनी आत बघितलं आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. आतला पडदा सुटून गोळा झाला होता. त्यांनी तातडीनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं, ऑपरेशन झालं, दुसरं झालं. डावा डोळा गेला. उजेड-अंधारही नाही.

बाई मला बाहेर म्हणाल्या, नशीब दोन्ही केले नाहीत. मी मान हलवली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की दोन्हींचा सौदा कुणी केला होता.

मी सेंटरशी भांडलो. त्यांनी माझ्या सहीचा कागद दाखवला. वकील बघितला. तो म्हणाला, तक्रार द्या. आणि तक्रार द्यायची म्हणजे तोंड उघडून सांगायचं की मी फसलो. इथं मी कमी पडलो. दलाल मार खाईल, शिव्या खाईल, पण फसलो म्हणणार नाही. ज्या दिवशी म्हणेल त्या दिवसापासून त्याच्याकडे कुणी येत नाही. फाट्यावर कुणी विचारलं तर मी सांगायचो, झालं आहे चांगलं, जरा वेळ लागतो. नाईक काळा चष्मा लावून त्याच खुर्चीत बसलेला असायचा. त्याला विचारलं तर तो म्हणायचा, सेठला विचारा.

दर शुक्रवारी. सेठला विचारा.

मी वाट बघत होतो. बैलाच्या वेळी तो भर बाजारात बोलला, पायडलच्या वेळी गिऱ्हाइकासमोर बोलला, मग आता का बोलत नव्हता? त्यानं मला एकदा शिवी दिली असती, एकदा त्या खुर्चीवरून उठून सगळ्यांना सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. मी मुद्दाम त्याला डिवचायचो. चहा द्यायचो. तो कप पुढं सरकवायचा. कितीतरी महिने त्यानं माझ्या आवारात चहा घेतला नाही.

मग फाट्यावर शिबिर आलं.

मंगल कार्यालयाच्या दारात मोठा फलक, त्यावर गुडघे, कंबर, डोळे, तारुण्य परत. तेच सेंटर, तोच मॅनेजर. त्यानं मला दोन दिवस आधी फोन केला होता, या, तुमच्या भागात आलो आहोत, लोक तुम्हाला मानतात. मी जाणार नव्हतो. नाईक सकाळीच येऊन उभा राहिला आणि म्हणाला, चल. शुक्रवार नव्हता.

आत शंभरएक खुर्च्या भरलेल्या होत्या. शिरड शहापूरकडची माणसं, कळमनुरीची, तांड्यावरच्या बाया. मॅनेजर माइकवरून बोलत होता. पोटाची चरबी, मूलपेशी, त्याच दिवशी घरी. आणि मग तो म्हणाला, आपल्या भागासाठी खास, दोन्ही डोळे एकत्र केले तर जोडीची सवलत. ही सवलत आम्हाला तुमच्याच एका सेठनं शिकवली, असं म्हणून त्यानं माझ्याकडे हात केला. लोक वळून बघून हसले.

जोडीची सवलत त्यांच्याकडे नव्हती. ती मी मागितली होती. माझ्या आधी असं कुणी मागितलंच नव्हतं.

शेजारच्या रांगेत शिरडचा शिंपी बसला होता. माझ्या ट्रॅक्टरांच्या सीटांची कव्हरं तोच शिवायचा. साठीचा, चष्म्याच्या काचा जाड. तो उठून माझ्याजवळ आला. "सेठ, तुमी नाईकसाबचा डोळा केला म्हणतात. मला सुई ओवता येईना झाली. दोन्ही एकदम करून घेतो, सवलत हाय तर. बराबर राहील ना?"

नाईक माझ्या दुसऱ्या बाजूला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान तिरपी केली आणि उरलेला डोळा माझ्याकडे लावला. शिंपी वाट बघत होता. मॅनेजर माइक घेऊन आमच्याकडे येत होता. मी मनात म्हणत होतो, सांग ना म्हाताऱ्या, तुझा डोळा आहे, तूच सांग, नेहमी सांगतोस तसं सांग.

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला. खालून त्याचा हात आला. बोटं दाबली नाहीत. तळहात उघडा होता.

मला आजही वाटतं की त्यानं हे करायला नको होतं.

मी शिंप्याला म्हणालो, "करू नका. ह्याचा डोळा गेला. त्यांनी घातलेल्या सुईनं गेला. आणि दोन्ही डोळ्यांचा सौदा मी केला होता, ह्यानं एकच दिला म्हणून दुसरा राहिला." मला वाटलं मी हळू बोललो. पण मॅनेजरनं माइक माझ्या तोंडाशी धरला होता, मी त्याची तारीफ करीन म्हणून. सगळ्या हॉलनं ऐकलं. नाईकानं चष्मा काढला. तो काही दाखवत नव्हता, काच पुसत होता. पण पहिल्या दोन रांगांनी तो डोळा बघितला.

पुढं गोंधळ झाला. मॅनेजर म्हणाला, प्रत्येकाच्या शरीराचा प्रतिसाद वेगळा असतो. कुणीतरी त्याला विचारलं, मागच्या वर्षी केलेला एक माणूस इथं आणून दाखव. दुपारपर्यंत फलक उतरला होता. शिंप्याला मी नांदेडच्या बाईंचा पत्ता लिहून दिला. नंतर कळलं की त्याला नुसता मोतीबिंदू होता. साधं ऑपरेशन झालं, आता सुई ओवतो. त्या संध्याकाळी मला तीन जणांनी फोन करून ट्रॅक्टरचे सौदे थांबवले. सेठ स्वतःच फसतो, तर आम्हाला काय देणार? मला माहीतच होतं असं होणार. तक्रार मी दुसऱ्या दिवशी दिली. ती चालू आहे.

पण हे सगळं नंतरचं. हॉलमधून बाहेर पडून आम्ही फाट्यावरच्या हॉटेलात बसलो. मी दोन चहा सांगितले. नाईकाचा कप समोर आला. मी त्याच्याकडे न बघता रस्त्यावरचे ट्रक बघत होतो, कप सरकण्याचा आवाज येईल म्हणून. आवाज आला नाही. वळलो तर कप रिकामा होता.

मी म्हटलं, आता बोल. शिव्या दे. महिनोन् महिने गप्प बसलास.

तो म्हणाला, "तोंड उघड."

भर फाट्यावर, चहा पिणाऱ्या ड्रायव्हरांसमोर, पन्नाशीला टेकलेल्या माणसानं तोंड उघडायचं. मी उघडलं. त्यानं माझा जबडा धरला आणि खालच्या हिरडीवरून अंगठा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग रुमालाला अंगठा पुसला.

"बराबर," म्हणाला. "कानस न्हाई."

त्याला जाऊन आता दुसरा उन्हाळा आहे. उरलेल्या डोळ्याच्या कडेनं तो शेवटपर्यंत माणसं ओळखत होता. खुर्ची मी काढलेली नाही. आणि राग म्हणाल तर तोही तसाच आहे: एवढे दोन शब्द सांगायला त्यानं मला विसाचा पन्नास होऊ दिला.